वंशावळ आणि वारसाची ओळख : डग्लस घराण्याच्या निमित्ताने

वंशावळ वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत क्वचितच येते. इतिहासकार तिला साधन मानतो, वकील पुरावा मानतो आणि ज्या घराण्याची ती असते ते घराणे तिला भूषण मानते. तिघांचेही पाहणे एकाच गृहीतावर उभे असते : वंशावळीत जे आहे ते आधी जगात घडले आणि मग कागदावर उतरले. कथनमीमांसेने हे गृहीत चरित्र, आत्मचरित्र, बखर अशा प्रकारांच्या बाबतीत कधीच खिळखिळे केले आहे. वंशावळीपाशी मात्र ती थबकलेली दिसते. 'अमुक हा तमुकाचा पुत्र' हे विधान इतके अल्पाक्षरी असते की त्यात निवेदक, निवड, वगळणूक असे काही असू शकेल, अशी शंकाच येत नाही. या शंकेला जागा आहे की नाही हे पाहावयाचे तर ज्या घराण्याचा वृत्तांत पाच-सहा शतके सतत लिहिला गेला आणि एकदा भर न्यायालयात उसवला गेला, असे घराणे घ्यावे. स्कॉटलंडमधील डग्लस घराणे तसे आहे.

उमराव घराण्याची वंशावळ वरवर एका धाग्याची दिसते. प्रत्यक्षात तिच्यात तीन धागे असतात : रक्ताचा, किताबाचा आणि जमिनीचा. स्कॉटिश कायद्यात या तिन्हींची वाट एकच असेल असे नाही. किताब ज्या राजपत्राने मिळाला त्याच्या अटीप्रमाणे चालतो आणि ती अट पुष्कळदा केवळ पुरुषशाखेची असते. जमीन दस्तावर चालते. धन्याने पुढील पिढ्यांचा वारसक्रम बांधून ठेवला असेल तर ती कन्येच्या वंशात, दूरच्या भाऊबंदाकडे, क्वचित अनौरस पुत्राकडेही जाऊ शकते आणि घेणाऱ्याने घराण्याचे आडनाव व कुलचिन्ह धारण करावे अशी अटही तिच्यासोबत येऊ शकते. रक्ताला तर कोणताच दस्त बांधू शकत नाही. हे तीन धागे पिळून त्यांचा एक दोर करणे, हे वंशवृत्तांतकाराचे काम. तो दोर जेथे सैल पडतो तेथे त्याची कारागिरी दिसू लागते.

डग्लस घराण्याचा पहिला मोठा वृत्तांतकार म्हणजे गॉड्सक्रॉफ्टचा डेव्हिड ह्यूम. (पुढे येणारा तत्त्वज्ञ ह्यूम निराळा आणि शतकभर नंतरचा.) गॉड्सक्रॉफ्टचा ह्यूम हा अँगसच्या आठव्या अर्लचा चिटणीस होता, आणि त्याचा डग्लस व अँगस घराण्यांचा इतिहास त्याच्या मृत्यूनंतर १६४४ मध्ये एडिंबरो येथे छापला गेला. घराण्याचा आरंभ तो आठव्या शतकात नेतो. एका लढाईत राजाची बाजू कोसळत असता कोणी एक अनोळखी वीर पुढे आला आणि लढाई फिरली. हा कोण, असे राजाने विचारले तेव्हा कोणी गेलिक भाषेत उत्तरले, 'तो पाहा तो काळासावळा पुरुष'. त्यावरून त्याला शोल्टो डग्लस हे नाव पडले आणि इनाम मिळालेल्या भूमीलाही तेच नाव लाभले. कागदोपत्री डग्लस हे नाव दिसू लागते ते बाराव्या शतकाच्या अखेरीस, लॅनार्कशायरमधील एका खोऱ्याच्या धन्याच्या रूपाने; आणि नावाचा अर्थ आहे 'काळे पाणी'. तो नदीचा आहे, पुरुषाचा नव्हे. म्हणजे वस्तुतः भूमीने माणसाला नाव दिले. दंतकथेत माणूस भूमीला नाव देतो. ही उलटापालट निव्वळ भाबडेपणातून आलेली नाही. जमीन आधी आणि घराणे नंतर असे म्हटले की घराणे हे त्या जमिनीचे एक मालक ठरते, अनेकांपैकी एक. घराणे आधी आणि जमीन नंतर असे म्हटले की मालकीचे रूपांतर स्वभावात होते.

काव्यानेही या कामी हातभार लावला. जॉन बार्बरच्या १३७५ च्या सुमाराच्या 'द ब्रूस' या दीर्घकाव्यात सर जेम्स डग्लस हा राजा रॉबर्ट ब्रूसच्या खालोखालचा नायक आहे. ब्रूसच्या मृत्यूनंतर त्याचे हृदय बरोबर घेऊन जेम्स निघाला आणि १३३० मध्ये स्पेनमध्ये मूरांशी लढताना पडला. डग्लसांच्या कुलचिन्हात जे लाल हृदय आहे ते या प्रसंगाचे. एखाद्या घराण्याने आपले सारे पुण्य एका पूर्वजाच्या एका कृत्यात साठवावे, याचे यापरते उदाहरण युरोपात विरळा. पण या पूर्वजाचा वारसा पुढे कसा चालला हे पाहू गेले की काव्य मागे पडते आणि दस्त पुढे येतात.

१३४२ मध्ये घराण्याच्या जमिनींचा वारसक्रम दस्ताने बांधला गेला. त्या क्रमात शेवटी, इतर शाखा खुंटल्यास, जेम्सचा अनौरस पुत्र आर्चिबाल्ड याचे नाव होते. ते त्या वेळी कोणी फारसे मनावर घेतले नसेल. १३५८ मध्ये घराण्याला अर्लपद मिळाले. १३८८ मध्ये दुसरा अर्ल ऑटरबर्नच्या रणात औरस संततीवाचून पडला. त्याच्या बहिणीच्या नवऱ्याने हक्क सांगितला, पण १३८९ मध्ये पार्लमेंटने दस्त मानला आणि 'करडा' म्हणून ओळखला जाणारा आर्चिबाल्ड तिसरा अर्ल झाला. याच सुमारास पहिल्या अर्लचा दुसरा एक अनौरस पुत्र, जॉर्ज, आपल्या आईच्या बाजूने अँगसचा अर्ल झाला. पहिली शाखा 'काळे डग्लस', दुसरी 'तांबडे डग्लस'. १४५२ मध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्यात राजा दुसरा जेम्स याने आठव्या अर्लला स्वहस्ते भोसकले; १४५५ मध्ये काळ्या डग्लसांचे सर्व जप्त झाले आणि राजाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तांबड्या शाखेकडे डग्लसची भूमी गेली. पुढचे मार्क्विस (१६३३) आणि ड्यूक (१७०३) हे सारे या तांबड्या शाखेचे.

एक शाखा दस्ताने उभी राहिलेली, दुसरी दुसऱ्या घराण्याच्या किताबावर पोसलेली, आणि दोन्हींच्या मुळाशी अनौरस जन्म. जुन्या वंशवृत्तांतांत जॉर्जच्या जन्मदात्यांचा संबंध विवाहाच्या रूपात येतो. एकोणिसाव्या शतकातील दस्तऐवजांच्या अभ्यासकांनी तो विवाह पुसून टाकला. सर विल्यम फ्रेझरचे चार खंडांचे 'द डग्लस बुक' (१८८५) आणि जेम्स बॅल्फर पॉल याने संपादित केलेले नऊ खंडांचे 'द स्कॉट्स पीअरेज' (१९०४–१४) ही या शोधक वृत्तीची फळे होत. फ्रेझरच्या श्रमांविषयी आदरच वाटावा. तरीही त्याच्या ग्रंथाची बांधणी तपासली तर गॉड्सक्रॉफ्टचा सांगाडा तेथे शाबूत आहे : अर्लामागून अर्ल, प्रकरणामागून प्रकरण, जणू एकच पुरुष शतकानुशतके नाव न बदलता जगतो आहे. त्याने दुरुस्त केले ते तपशील. कथनाचे व्याकरण त्याने जसेच्या तसे घेतले.

हे व्याकरण एकदाच उघड्यावर आले, ते अठराव्या शतकातील प्रसिद्ध 'डग्लस खटल्या'त. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगणे भाग आहे.

डग्लसचा ड्यूक आर्चिबाल्ड निपुत्रिक होता. त्याची बहीण लेडी जेन हिने १७४६ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कर्नल जॉन स्टुअर्ट या कफल्लक सैनिकाशी गुप्तपणे विवाह केला आणि दोघे परदेशी गेली. जुलै १७४८ मध्ये, म्हणजे पन्नाशीत, पॅरिसमध्ये आपल्याला जुळे पुत्र झाल्याचे तिने कळविले. एकाचे नाव आर्चिबाल्ड, दुसऱ्याचे शोल्टो. दंतकथेतील मूळपुरुषाचे नाव येथे पुन्हा उगवावे याला योगायोग म्हणणे कठीण आहे. ज्यांच्या जन्माविषयी शंका घेतली जाणार हे आईबापांना ठाऊक होते, त्यांच्यावर घराण्याचा आरंभच गोंदून ठेवला गेला. शोल्टो १७५३ मध्ये वारला आणि त्याच वर्षी लेडी जेनही. ड्यूकने बहिणीला जवळ केले नव्हते. उतारवयात, १७५८ मध्ये, त्याने विवाह केला आणि नव्या डचेसने भाच्याचा पक्ष लावून धरला. १७६१ मध्ये मृत्यूपूर्वी थोड्याच दिवसांत त्याने जमीन भाच्याच्या नावे केली.

ड्यूक वारला तेव्हा दोर उसवला. ड्यूकपद संपले. मार्क्विसपद आणि अँगसचे अर्लपद पुरुषशाखेच्या अटीमुळे अज्ञान हॅमिल्टन ड्यूककडे गेले. जमीन मात्र तेरा वर्षांच्या आर्चिबाल्डकडे जाणार होती. येथे एक विलक्षण तिढा आहे. हॅमिल्टन ड्यूक हे पुरुषपरंपरेने डग्लसच होते. पहिल्या मार्क्विसच्या एका धाकट्या पुत्राने हॅमिल्टनच्या डचेसशी १६५६ मध्ये विवाह केला आणि त्या वंशाने हॅमिल्टन हे नाव घेतले. उलट आर्चिबाल्ड हा पित्याकडून स्टुअर्ट होता आणि डग्लस हे नाव त्याने जमिनीपायी धारण केले. म्हणजे ज्याच्या अंगी डग्लसांचे पितृरक्त होते तो हॅमिल्टन म्हणून वादी झाला, आणि ज्याच्या अंगी ते नव्हते (आईकडून होते की नाही, हाच तर वाद) तो डग्लस म्हणून प्रतिवादी.

हॅमिल्टनांच्या पालकांनी अँड्र्यू स्टुअर्ट या वकिलाला पॅरिसला धाडले. त्याने जे केले त्याला आधुनिक अर्थाने संहिताचिकित्सा म्हणावे लागेल. प्रसूती ज्या घरात झाल्याचे सांगितले गेले त्या घराचा आणि घरमालकिणीचा मागमूस लागेना. उलट गोदफ्रुआ नावाच्या खाणावळवाल्याच्या हिशेबवहीवरून त्याच दिवसांत हे दांपत्य त्याच्याकडे उतरले असल्याचे दिसू लागले. प्रसूती करणाऱ्या वैद्याची म्हणून जी पत्रे सादर झाली ती बनावट ठरली. मग त्याला दोन कुटुंबे सापडली. जुलै १७४८ मध्ये मिन्यों नावाच्या काचकामगाराचे तान्हे मूल आणि पुढच्या वर्षी सांरी नावाच्या डोंबाऱ्याचे मूल परकीय माणसांनी नेले होते. स्टुअर्टचा निष्कर्ष स्वच्छ होता : डग्लसचे वारस विकत किंवा फसवून आणलेले आहेत.

डग्लस पक्षाकडे यासारखे काही नव्हते. त्यांच्याकडे होती लेडी जेनची पत्रे, मुलांविषयीच्या काळजीने व मायेने ओथंबलेली. तिचे, तिच्या सोबतिणीचे आणि पुढे १७६४ मध्ये सर जॉनचे मृत्युशय्येवरील निवेदन. आणि शोल्टोच्या मृत्यूने खचून ती गेली ही लोकांच्या मनावर कोरलेली हकीकत. जुलै १७६७ मध्ये एडिंबरोच्या कोर्ट ऑफ सेशनने, पंधरा न्यायाधीशांत आठ विरुद्ध सात अशा मतांनी, अध्यक्षांच्या निर्णायक मताने हॅमिल्टनांच्या बाजूने निकाल दिला. २७ फेब्रुवारी १७६९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरविला. एडिंबरोत लोकांनी दिवे लावले आणि न लावणाऱ्यांच्या खिडक्या फोडल्या.

एखाद्या दिवाणी दाव्यावरून शहर पेटावे याचे कारण केवळ सहानुभूती नव्हे. ही कथा लोकांनी आधी रंगभूमीवर पाहिली होती. जॉन होमचे 'डग्लस' हे नाटक डिसेंबर १७५६ मध्ये एडिंबरोत रंगले. त्यात गुप्त विवाह, हरवलेला पुत्र, मेंढपाळाच्या घरी वाढलेला डग्लसांचा वारस आणि त्याला ओळखणारी माता, असे सारे आहे. नाटक पाहून लेडी जेनची बाजू खरी मानली गेली असे सरळ म्हणता येणार नाही. पण डग्लसचा वारस म्हणजे आईने ओळखावयाचा वारस, हा साचा त्या प्रेक्षकांच्या मनात तयार होता. जेम्स बॉझवेलने त्याचा पुरेपूर फायदा घेतला. निकालापूर्वी अवघे काही आठवडे, जून १७६७ मध्ये, त्याने 'डोरँडो' ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. स्थळ स्पेन, नावे स्पॅनिश, दावा मात्र हाच. आणि तीत न्यायालय वारसाच्या बाजूने निकाल देते. खटल्याचा शेवट त्याने कादंबरीत आधी लिहिला. वाङ्मयगुण म्हणून तीत फारसे काही नाही, तरीही वंशावळीच्या कथनशास्त्रात तिचे स्थान मोठे आहे. (हाच बॉझवेल पुढे स्वतःच्या ऑकिनलेकच्या जमिनीचा वारसक्रम ठरविताना केवळ पुरुषशाखेचा आग्रह धरून बसला. आईच्या बाजूने आलेल्या वारसाचा हा सर्वांत मोठा कैवारी!)

अॅरिस्टॉटलने ओळख पटण्याचे प्रकार सांगताना खुणांवरून पटणाऱ्या ओळखीला सर्वांत खालचे स्थान दिले आणि घटनांच्या ओघातून पटणाऱ्या ओळखीला सर्वांत वरचे. शाकुंतलात अंगठी सापडते तेव्हा दुष्यंताला स्मृती येते, पण सर्वदमनाला पाहून त्याच्या मनात जे वात्सल्य उसळते त्याला अंगठीची गरज नसते. कालिदासाने दोन्ही ओळखी ठेवल्या आणि दुसरीला अधिक अवकाश दिला. डग्लस खटल्यातील दोन पक्ष हे या दोन ओळखींचे पक्ष आहेत. स्टुअर्टकडे खुणा आहेत : तारखा, वह्या, घरे. डग्लस पक्षाकडे ओघ आहे : ज्यांनी मुलाला आपले म्हणून वाढविले, आपले म्हणून मृत्यूसमयी सांगितले, त्यांचे ते मूल. लॉर्ड कॅम्डन आणि लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दुसऱ्या ओळखीला कौल दिला. आईबापांनी स्वीकारलेले अपत्य त्यांचेच, असे मानावयाचे आणि उलट सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर टाकावयाचा, हे तत्त्व कायदा म्हणून शहाणपणाचेच आहे. ते नसते तर कोणाचाच जन्म सुरक्षित राहिला नसता. परंतु मॅन्सफील्डच्या भाषणात भर होता तो लेडी जेनच्या कुलीनतेवर : अशा घराण्यातील स्त्री असे कपट करणार नाही. येथे वर्तुळ पूर्ण होते. कुळावरून शील सिद्ध होते आणि शीलावरून कूळ. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला हा निकाल मुळीच रुचला नाही. साक्षीचे वजन कसे करावे याविषयी ज्याने आयुष्यभर विचार केला त्याला तो रुचण्याजोगा नव्हताच. १७७३ मध्ये अँड्र्यू स्टुअर्टने मॅन्सफील्डला उद्देशून पत्रे छापली. त्यांतील चिरफाड आजही वाचनीय आहे. पण तोवर जमीन गेली होती.

वंशावळ ही रक्ताची नोंद नसून ओळखीची नोंद आहे, हे या खटल्यातून निष्पन्न होते. अनौरस आर्चिबाल्डला १३८९ मध्ये पार्लमेंटने ओळखले, १७६९ मधील आर्चिबाल्डला लॉर्ड्सनी. दोन्ही वेळा वारस घडविला गेला आणि वंशावळीने तो सापडला असे लिहिले. हे लपवून करावे लागे, कारण स्कॉटलंडच्या कायद्यात १९३० पर्यंत दत्तक नव्हता. मराठी वाचकाला हा मुद्दा चटकन उमगेल. आपल्याकडे वारस विधीने, उघडपणे, करता येत असे. सापडल्याचे सोंग करावे लागत नसे. म्हणूनच १८४८ मध्ये साताऱ्याच्या छत्रपतींनी मृत्युसमयी घेतलेला दत्तक अमान्य करणारा गव्हर्नर जनरल डलहौसी हा स्वतः स्कॉटिश उमराव, डलहौसीचा दहावा अर्ल, होता, ही गोष्ट केवळ चमत्कारिक म्हणून सोडून देता येत नाही. त्या निर्णयामागे साम्राज्याचा लोभ होता हे खरेच. पण वारस 'असतो', 'केला' जात नाही, ही त्याच्या वर्गाची वाङ्मयीन श्रद्धाही तीत होती, आणि ती श्रद्धा त्याच्याच नावाने खोटी ठरत होती : ब्राउन-रॅम्झी या जोडनावातील पहिला अर्धा भाग त्याच्या आईच्या कोल्स्टनच्या मिळकतीबरोबर आलेला. १८६० मध्ये तो पुत्रावाचून वारला. १८४९ मध्ये मिळालेले मार्क्विसपद बुडाले, पण अर्लपद चुलत भावाकडे, फॉक्स मॉलकडे, बिनबोभाट गेले. तेथे कोणी संस्थान खालसा केले नाही.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. वंशावळ हे सर्वस्वी कथनच असे म्हटले तर स्टुअर्टची हिशेबवही आणि बॉझवेलची कादंबरी एकाच पंक्तीला बसतात. सर्व काही संहिता आहे असे म्हणणाऱ्या समीक्षेला अलीकडे जी सवय जडली आहे तिला हे बहुधा चालेलही. पण तसे म्हणण्याची किंमत कोण देतो हे पाहिले पाहिजे. पॅरिसमधील त्या काचकामगाराच्या आणि डोंबाऱ्याच्या बायका साक्षीला उभ्या राहिल्या होत्या. त्यांची मुले गेली होती, ही गोष्ट कोणत्याही कथनव्यूहाने नाहीशी होत नाही. ती डग्लसकडेच गेली की नाही हा प्रश्न वेगळा. लॉर्ड्सच्या निकालानंतर या दोन कुटुंबांना कोणत्याच वृत्तांतात जागा उरली नाही. फ्रेझरच्या ग्रंथात ती एका पराभूत युक्तिवादाचा तपशील म्हणून येतात. वंशावळीत जागा असते ती मिळालेल्या मुलांना. हरवलेल्या मुलांच्या आयांना रकाना नसतो. समीक्षेने वंशावळ वाचावयाची ती तिचा खोटेपणा दाखवून मोकळे होण्यासाठी नव्हे, तर हा रकाना कोठे असावयास हवा होता हे दाखविण्यासाठी.

कादंबरीने हे काम करावे अशी अपेक्षा होती. सर वॉल्टर स्कॉटने 'गाय मॅनरिंग'मध्ये (१८१५) पळविलेला वारस हिंदुस्थानातील लष्करी नोकरीतून परत आणला, त्याची ओळख पटविली आणि जमीन त्याच्या हाती दिली. कथानक रेखीव आहे, मेग मेरिलीजसारखी जिप्सी स्त्री अविस्मरणीय आहे. पण ती मरते ती वारसाला ओळखीच्या हवाली करून, आणि तिच्या जमातीला त्या भूमीवरून हुसकले होते हा आरंभीचा अन्याय शेवटी कोणालाच आठवत नाही. स्कॉट वंशावळीचा मोठा रसिक होता, तिचा चिकित्सक नव्हता. १८३१ मध्ये, आयुष्याच्या अखेरीस, त्याने डग्लसच्याच किल्ल्यावर 'कासल डेंजरस' लिहिली. थकलेल्या हाताची ही कादंबरी आहे आणि तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

डग्लसच्या जमिनीचा प्रवास तेथेही थांबला नाही. खटला जिंकलेल्या आर्चिबाल्डला १७९० मध्ये बॅरनपद मिळाले. त्याच्या मुलांना पुरुषसंतती राहिली नाही आणि ते पद १८५७ मध्ये लयाला गेले. जमीन त्याच्या कन्येच्या कन्येबरोबर होम घराण्यात गेली आणि नावही तिच्याबरोबर गेले : होमचे अर्ल डग्लस-होम झाले. डग्लसचा वाडा खाली कोळशाच्या खाणी खोदल्याने खचला आणि १९३८ च्या सुमारास पाडावा लागला. १९६३ मध्ये चौदाव्या अर्लने, पंतप्रधान होण्यासाठी, त्या वर्षीच्या पीअरेज कायद्याखाली किताब सोडला आणि तो सर अॅलेक डग्लस-होम झाला. कायद्याप्रमाणे हा त्याग केवळ हयातीपुरता असतो. १९९५ मध्ये तो वारल्यावर किताब मुलाकडे गेला. वंशावळीत त्या मुलाचा क्रमांक पंधरावा आहे. मधली बत्तीस वर्षे अर्ल नव्हता, असे तीत कोठेही लिहिलेले नाही.